मागील बाकी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेतला वाणी नवी चोपडी पूजतो. सारा हिशेब संगणकावर ठेवू लागून त्याला दहा वर्षे झाली असतील, तरी लाल कापडाची चोपडी तो अजून आणतोच. पहिल्या पानावर 'श्री' काढतो, हळदकुंकू वाहतो, मग पान उलटून उधारीच्या रकान्यात पहिली ओळ लिहितो, 'मागील बाकी'. गेल्या साली त्या ओळीसमोर माझे नाव होते. "गुरुजी, शकुनाला तुम्हीच बरे," असे म्हणून तो हसला. मीही हसलो, पण घरी येताना मनात आले की चोपडी नवी, शाई नवी, आणि कर्ज तेवढे जुने. दुकान बापाकडून लेकाकडे गेले तरी ही ओळ पुढच्या चोपडीत जाणारच. मग राज्याचे काय? एक राजा खजिना रिकामा करून जातो, दुसरा येतो. त्याच्या चोपडीतली मागील बाकी कोणाच्या नावावर लिहायची?

हा प्रश्न मला अर्थशास्त्राने घातला असे वाचकांनी समजू नये. मी मॅट्रिक झालेला, पुढे चित्रकलेची पदविका घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत ड्रॉइंगचा मास्तर झालेला माणूस. रात्री कादंबऱ्या लिहितो, त्या कोणी वाचतात, कोणी वाचत नाहीत. प्रश्न घातला तो माझ्या आजीने, आणि तोही तिच्या नकळत.

आमचे घराणे मूळ बडोद्याचे. माझे खापरपणजोबा गायकवाड सरकारच्या शिबंदीत होते. शिबंदी म्हणजे जुन्या पद्धतीची पगारी फौज. लढाई क्वचित, हजेरी अधूनमधून, पगार मात्र बापामागून मुलाला. त्यांची ही नेमणूक नव्या दिवाणाने बंद केली. हातावर काही महिन्यांचा पगार ठेवला आणि घरी धाडले. ही गोष्ट घरात सुनेकडून सुनेकडे आली. डब्यात डाळ संपली की आजी म्हणायची, "त्या मद्राशी दिवाणाने आपला घास काढला रे बाळ!" दिवाणाला जाऊन तोवर नव्वद वर्षे उलटली होती, पण आमच्या स्वयंपाकघरात तो जिवंत होता.

मोठेपणी पुस्तके चाळली तेव्हा पहिला धक्का बसला तो हा, की मद्राशी दिवाण मद्राशी नव्हताच. सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणला जन्मले, पण घराणे तंजावरकडचे मराठी. आजीला मी हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तर अधिकच वाईट. आपल्याच माणसाने काढला."

माधवराव मे १८७५ मध्ये बडोद्याला आले, तेव्हाची तिथली स्थिती अशी. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली होती. पंचांत तीन इंग्रज आणि तीन हिंदी. मते तीनास तीन पडली. तरीही कारभार बिघडल्याचे कारण देऊन इंग्रज सरकारने महाराजांना एप्रिलमध्ये पदच्युत केले. त्यापूर्वी १८७४ मध्ये खुद्द दादाभाई नौरोजींनी तिथली दिवाणगिरी करून पाहिली होती. दादाभाईंसारख्यांनाही जे जमले नाही, ते गाठोडे माधवरावांच्या पुढ्यात आले. सावकार, जवाहिरे, सरदार, सारे आपापल्या येण्याची कागदे घेऊन दारात उभे.

बडोदे बुडाले कशाने, असे कोणाला विचारा. तो सोन्याच्या तोफांची गोष्ट सांगेल. मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या हे खरेच आहे, आणि त्यांच्या आधीच्या खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा विणवला हेही खरे. तो गालिचा २००९ मध्ये कतारमध्ये लिलावात पन्नास लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. अशा गोष्टी डोळ्यांत भरतात. पण मला तोफांचा तितकासा राग येत नाही. सोने वितळवता येते, विकता येते. अधिक घात केला तो एका गोष्टीने, जिचे चित्र काढता येणार नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत खंडेरावांच्या सरकारने शेतसारा चढवला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा तिथेच राहिला. वर वसुली इजारदारांकडे. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि रयतेकडून निघेल तेवढे काढायचे, हा त्यांचा धंदा. नेमणुकीला नजराणा, वारसाला नजराणा. १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या चौकशी मंडळापुढे रयतेने हीच गाऱ्हाणी मांडली होती.

आता नीतीचा प्रश्न येतो. खजिना रिकामा आहे आणि देणेकरी तीन तऱ्हेचे आहेत. पहिला सावकार. त्याने कर्ज दिले हे खरे, पण कोणाला देतो आहोत हे त्याला ठाऊक होते, आणि त्या धोक्याची किंमत त्याने व्याजात लावली होती. दुसरा माझा खापरपणजोबा. त्याने कर्ज दिले नाही, काढलेही नाही. राज्याने त्याला एक सवय लावली होती आणि तिच्यावर त्याची चूल पेटत होती. तिसरी रयत. तिने काहीच केले नव्हते, आणि फेडत आली होती तीच.

साधा कारभारी काय करील? खजिना रिकामा म्हणून सारा वाढवील. माधवरावांनी उलटे केले. साऱ्याचे दर उतरवले, थकबाकी सोडली, इजारे मोडले, आणि तोटा भरून काढायला वाड्याचा आणि फौजेचा खर्च छाटला. हे धाडस त्यांना एकाएकी सुचले नव्हते. त्रावणकोरचे दिवाण असताना, १८५७ ते १८७२ या वर्षांत, ते हा प्रयोग करून चुकले होते. तिथे मिरी आणि तंबाखू यांचा व्यापार सरकारच्या मक्त्याचा होता. मळेवाल्याने मिरी सरकारलाच विकायची, सरकार सांगेल त्या भावाने. राजा व्यापारी तिथे प्रजा भिकारी, ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. माधवरावांनी १८६० मध्ये मिरीचा मक्ता सोडला, पुढे तंबाखूचाही, आणि त्याऐवजी माफक जकात ठेवली. १८६५ मध्ये शेजारच्या कोचीनशी आणि इंग्रजी मुलखाशी करार करून सीमेवरच्या बहुतेक जकातीही काढल्या. त्याच साली सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना तिच्यावर मालकी हक्क दिला. जे आपले आहे असे कुळाला पटते, त्यात तो विहीर खणतो. पुढची गणिते मास्तराने सांगायला नकोत. त्रावणकोरचे सार्वजनिक कर्ज फिटले ते याच दिवाणाच्या कारकिर्दीत.

बडोद्यातही सात वर्षांत न्यायालये बसली, पोलीसखाते उभे राहिले, शाळा, दवाखाने आणि एक कॉलेज निघाले. नोकरांचे पगार वेळेवर होऊ लागले. हे शेवटचे वाक्य लहान दिसते, पण ज्याचा पगार वेळेवर होतो तो नोकर लाच थोडी कमी खातो, आणि राज्य सुधारण्याचा निम्मा उपाय त्यात आहे असे मला वाटते.

तरीही एक गोष्ट मला टोचते. हे सारे कोणालाही न विचारता झाले. गादीवर बारा वर्षांचा मुलगा होता, आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक नेलेला. त्याच्या होकाराला अर्थ नव्हता आणि प्रजेचा होकार कोणी मागितला नाही. मागे इंग्रजांची संगीन होती. आज एखाद्या राज्याची तिजोरी बुडाली, तर तिथल्या मंत्र्याला इजारदाराचीही मते लागतात आणि शिबंदीचीही. न विचारता केलेले भले हे भलेच काय? मी पुष्कळ दिवस यावर 'नाही' म्हणत असे. आता एवढेच म्हणतो की, न विचारता चढवलेला सारा तरी न विचारता उतरवायला हरकत नव्हती.

त्या मुलासाठी १८८१ मध्ये माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली. 'मायनर हिंट्स' या नावाने ती तेव्हा खाजगी उपयोगासाठी छापली. २०२२ मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली. राजाचा खर्च आणि राज्याचा खर्च वेगळा ठेवावा, हा त्यांतला एक मोठा धडा. शिष्य गुणी निघाला, पण १८९० मध्ये त्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. तो पाहिला की वाटते, त्या दिवशी तासाला थोडे लक्ष चुकले असावे. गुरुशिष्यांचे पुढे पटलेही नाही. माधवराव १८८२ मध्ये बडोदे सोडून गेले. मात्र सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करून पाहिले आणि १९०६ मध्ये साऱ्या राज्याला लागू केले. उद्योगांच्या बाबतीत त्यांचेही हात पोळले. सरकारने कापडाची गिरणी चालवली, ती पुढे खाजगी मालकांना विकली. गणदेवीचा साखरेचा कारखाना टिकला नाही. मग १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली, दहा लाखांच्या वसूल भांडवलावर. दुकान दुसऱ्याने चालवावे, आपण त्याला पत मिळवून द्यावी, हे महाराज ठेचा खाऊन शिकले.

१९०६ चा तो कायदा आमच्या घरात शिरला. मुलगा शाळेत न पाठवल्यास बापाला दंड होई. त्या दंडाच्या भीतीने पणजोबांना शाळेत घातले आणि ते पुढे मास्तर झाले. तेव्हापासून आमच्याकडे खडू सुटलेला नाही. म्हणजे ज्या वहीतून आमचा घास खोडला, त्याच वहीतून आमची पाटी आली. आजीने या दोन नोंदी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. मी ठेवल्या, आणि काही काळ माझे समाधानही झाले. मग लक्षात आले की खापरपणजोबांचा त्यात काय फायदा? नेमणूक गेल्यावर ते तीस वर्षे जगले, ती दुसऱ्यांच्या दारात पहारा करून. राज्याला बाकी पुढे ओढता येते. राज्य तीस वर्षे थांबू शकते. माणसाच्या वहीला तेवढी पाने नसतात. सुधारणा करणाराने या मधल्या माणसाला काय द्यावे, हे माधवरावांच्या चरित्रात मला सापडले नाही. काही महिन्यांचा पगार, एवढेच आमच्या घराला ठाऊक आहे.

हे मी इतके घोळत का बसलो, तेही सांगतो. मी नोकरीस लागलो २००६ मध्ये. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना महाराष्ट्र सरकारने जुने निवृत्तिवेतन बंद केले होते. मार्च २०२३ मध्ये ते परत मिळावे म्हणून संप झाला, आणि मीही तहसील कचेरीपुढे मांडी घालून घोषणा दिल्या. माझे म्हणणे खोटे नव्हते. माझ्याच शाळेत माझ्याहून दोन वर्षे आधी लागलेला मास्तर म्हातारपणी निश्चिंत आणि मी नाही, हा कोणता न्याय? पण त्याच आठवड्यात आमच्याकडे कांद्याचा भाव मातीमोल झाला होता. एका विद्यार्थिनीचे वडील बाजार समितीतून रिकामा ट्रॅक्टर घेऊन परतत होते. मला पाहून थांबले. "गुरुजी, कांदा दोन रुपये किलोने गेला," ते म्हणाले. "तुमचे सरकार देईल हो. आमच्या म्हातारपणाला कोण?" आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणे अधिकच अवघड झाले. खापरपणजोबांची हजेरी मी लावतो आहे आणि हा माणूस सारा भरतो आहे, असे काहीतरी मनात चमकून गेले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा संपावर गेलो. गेलो नाही असे लिहिले असते तर लेख बरा दिसला असता.

समिती नेमली आहे असे सांगून आठवड्याभरात संप मिटला. त्यांची मुलगी पुढे एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसली. फी भरायला ते शाळेत आले तेव्हा आम्ही पावसाविषयी बोललो, बियाण्याच्या भावाविषयी बोललो. मुलीचा हात चांगला आहे, असे मी त्यांना सांगितले. पेन्शनचा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.