रिपोर्ट नॉर्मल आहे



मिस्सामध्ये शुभवर्तमान वाचायला सुरुवात झाली की सारे चर्च उभे राहते. गेली काही वर्षे आमच्या वहिनी मात्र बाकावर बसून असतात. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगावर कुठे पट्टी नाही, हातात काठी नाही. साहजिकच मागच्या बाकांवरून नजरा वळतात. एकदोघांनी बोलूनही दाखवले. आम्ही कुणाला दोष देत नाही, कारण वहिनींवर अविश्वास दाखवण्यात पहिला नंबर आमच्याच घराचा लागतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आम्ही घरातले सगळेच आजारी पडलो. वहिनींचा ताप सर्वांच्या आधी उतरला. ऑक्सिजन लागला नाही की इस्पितळ पाहावे लागले नाही. महिन्याभराने त्यांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मग जळजळ सुरू झाली. रात्री पायांवर चादरीचा स्पर्श सहन होईना. पहाटे दोन-तीनला उठून त्या स्वयंपाकघरातल्या गार लादीवर पाय टेकून बसत. उभे राहिले की छातीत धडधड. गायनवृंदात जाणे आपोआप बंद झाले.

रक्त तपासले. साखर ठीक, बी-१२ ठीक, थायरॉइड ठीक. (हातापायांना मुंग्या येत असतील तर या तपासण्या आधी करून घ्याव्यात. प्रत्येक दुखण्याचे खापर करोनावर फोडू नये.) मग लोकलने मुंबईला खेपा झाल्या. एमआरआय झाला, नसांमधून विजेचा हलका झटका देऊन करतात ती तपासणी झाली. सगळ्यांवर एकच शेरा : नॉर्मल.

त्या दिवशी परतताना आम्ही देवाचे आभार मानत होतो आणि वहिनी खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. रिपोर्ट चांगला आला म्हणून रडणारे माणूस आम्ही प्रथमच पाहत होतो. आम्हाला त्यांचा राग आला, हे कबूल केले पाहिजे.

पुढे डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीनची छोटी गोळी रात्री घ्यायला दिली. औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणाले, 'ही तर डिप्रेशनची गोळी.' झाले! आमच्या मनातला खटला तिथेच निकाली निघाला. हीच गोळी कमी मात्रेत नसांच्या वेदनेवर वर्षानुवर्षे दिली जाते, हे आम्हाला फार उशिरा कळले. तोवर 'मन रमवा', 'जरा बाहेर पडा', 'इतका विचार करू नका' हे सगळे बोलून झाले होते. सांत्वन म्हणून बोललेली ही वाक्ये ऐकणाऱ्याला 'तू खोटे बोलतेस' अशीच ऐकू येतात.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावले. विजेची ती तपासणी जाड नसा पाहते. वेदना, ऊन-गार यांची जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू अतिशय बारीक असतात, आणि हृदयाचे ठोके, घाम यांवरही अशाच तंतूंचा ताबा असतो. ते त्या यंत्राला दिसत नाहीत, एमआरआयलाही दिसत नाहीत. घोट्याच्या वर कातडीचा तीनेक मिलिमीटरचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजावे लागतात. करोनानंतर असा त्रास होणाऱ्या काही रुग्णांत हे तंतू कमी झालेले आढळले आहेत, सर्वांत नाही. तेव्हा 'नॉर्मल' याचा अर्थ 'काही झालेले नाही' असा नव्हता. या यंत्राला जेवढे दिसते तेवढे ठीक आहे, एवढाच होता.

वहिनींची तीही तपासणी झाली. आकडा सीमेवर आला. धड कमी नाही, धड पुरेसा नाही. म्हणजे आम्हाला हवा होता तो कागद याही वेळी मिळाला नाही.

विषाणूमागून येणारी अशी दुखणी करोनापासून सुरू झालेली नाहीत. १९५५ च्या जुलैत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली. सुमारे तीनशे कर्मचारी आजारी पडले, त्यांत परिचारिका पुष्कळ. घसा, डोकेदुखी, चक्कर, हातापायांत वेदना, मुंग्या, अशक्तपणा. इस्पितळ ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावे लागले. जंतू सापडला नाही. काहींचा त्रास दीर्घकाळ टिकला. १९७० साली मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मत मांडले, की हा सामूहिक उन्माद होता. आजाऱ्यांत स्त्रिया जास्त, हे त्यांच्या कारणांपैकी एक. ते दोघे दुष्ट होते असे नव्हे. समोर जंतू नव्हता आणि रिकामी जागा त्यांना सहन झाली नाही. पण ज्या परिचारिकांनी इतरांच्या वेदनेवर विश्वास ठेवून आयुष्य काढले, त्यांच्या वेदनेचा निकाल कागदांवरून लागला. आम्ही तरी वेगळे काय केले होते?

'लाँग कोविड' हे नावही डॉक्टरांनी नव्हे, २०२० च्या मे महिन्यात रुग्णांनीच रूढ केले. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या २०२१ च्या ऑक्टोबरात आली. दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा होत नाही, ही त्या व्याख्येतलीच एक अट आहे.

मग प्रश्न उरतो, ज्याचा उलगडा झालेला नाही ते खरे मानायचे का? प्रत्येकाचे म्हणणे खरे मानू लागलो तर फसवणूक होणार नाही का? होईल, क्वचित. पण वेदना मोजायचे दुसरे माप आहे कुठे? दाढ दुखते म्हणणाऱ्याला आपण एक्स-रे मागत नाही. समजणे हे डॉक्टरांचे काम, त्याला वेळ लागो. मानणे मात्र आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी कुठल्याच रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही. आम्ही उलट्या क्रमाने चाललो होतो. आधी कारण दाखवा, मग मानू.

योबाचे मित्र आठवतात. सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसून राहिले, तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडले ते त्याच्या दुःखाचे कारण सांगू लागल्यावर. आमच्याकडेही असे मित्र येऊन गेले. कुणी तेलाची बाटली आणली, कुणी म्हणाले श्रद्धा कमी पडते. संत पौलाच्या शरीरातला तो काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नव्हता, आणि तो नेमका कसला होता हे आजवर कुणी ठामपणे सांगू शकलेले नाही. त्याची श्रद्धा कमी होती म्हणायचे का?

ज्या डॉक्टरांनी वहिनींना सर्वांत जास्त धीर दिला ते म्हणाले होते, 'तुम्हाला त्रास होतो आहे. तो का होतो ते मला पूर्ण माहीत नाही.' ही दोन वाक्ये एकामागून एक म्हणता येतात, हे आम्हाला तोवर सुचलेच नव्हते.

मध्यंतरी आम्ही वहिनींना विचारले, आम्ही काय करावे? त्या म्हणाल्या, 'रोज विचारा. पण बरं वाटतंय का, असं नको. त्याला हो म्हणावं लागतं. आज कसं आहे, एवढंच विचारा.'

आज सकाळी विचारले. 'डावा पाय जरा जास्त,' म्हणाल्या, आणि चहाचे आधण ठेवायला आत गेल्या.