आधी फ्रीजरचा हिशेब द्या

डीप फ्रीजर घ्यावा का, आणि घ्यायचा तर १०० लिटरचा की २०० लिटरचा, हा प्रश्न आता मला विचारू नका. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आणि त्यांचे नवरे एकामागून एक हेच विचारायला येत आहेत, आणि प्रत्येकाचं पालुपद एकच: "बाई, जागाच पुरत नाही हो." बरं, जागा पुरत नाही ना? मग दार न उघडता सांगा, या क्षणी तुमच्या फ्रीजरमध्ये काय काय आहे? एकालाही सांगता आलं नाही. गृहविज्ञानाच्या तासाला वही नीट लिहीत होतात, परीक्षेत मार्कही मिळवलेत. ते सगळं कुठे गेलं?

एका घरी मी ऐकून घेतलं नाही. फ्रीजर रिकामा करायला लावला आणि सगळं ओट्यावर मांडायला सांगितलं. आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात काहीतरी पिवळं निघालं. सासूबाई म्हणाल्या आमरस, सून म्हणाली भोपळ्याची प्युरी. वास घेऊनही निकाल लागेना. होळीच्या पुरणपोळ्या होत्या, आणि महिना होता कार्तिकाचा. पोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडून कागदासारख्या कडक झालेल्या. ओल्या नारळाच्या चवाच्या तीन पिशव्या होत्या, तिन्ही अर्ध्या, तिन्ही उघड्या. दुधाची एक पिशवी तळाच्या बर्फाला अशी चिकटली होती, की ती सोडवताना फाटलीच. कोपऱ्यात मटणाचा एक गोळा, किलोभराचा, एकसंध. तो कधी आणला ते घरातल्या चौघांपैकी कुणालाच आठवेना. ज्याचं नाव आणि तारीख कुणालाही सांगता आली नाही, ते वेगळं काढून काट्यावर ठेवलं. सात किलोच्या वर भरलं. आणि हे घर म्हणत होतं जागा पुरत नाही!

आता आकडे ऐका. अडीचशे-पावणेतीनशे लिटरच्या दोन दारी फ्रीजमध्ये फ्रीजरचा कप्पा साधारण ५० ते ६० लिटरचा असतो. नीट रचलं तर लिटरभर जागेत अर्धा किलो अन्न मावतं. म्हणजे २५ किलोच्या वर. बर्फाचे ट्रे, वेडेवाकडे डबे, गार हवा फिरायला लागणारी मोकळीक, या सगळ्यांपोटी दहा किलो वजा करा. तरी १५ किलो उरले. चार माणसांचं घर, कोपऱ्यावर भाजीवाला, सकाळी दारात दूध, आठवड्याला बाजार. १५ किलो गोठवलेलं अन्न तुम्हाला लागतं कशाला?

तुमच्यातल्या एकानं मला मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेत माणशी दीड ते अडीच घनफूट फ्रीजर असावा असं सांगतात. बरोबर आहे, तसं सांगतात. म्हणजे माणशी ४० ते ७० लिटर. पण तो हिशेब पंधरवड्याला एकदा गाडी काढून बाजार करणाऱ्या घरांचा आहे. तिथे ब्रेडपासून अख्ख्या कोंबडीपर्यंत सगळं गोठवून ठेवतात. तिथे राहणाऱ्या आपल्या काही मुली तळघरात दुसरा फ्रीजर ठेवतात, त्याला कारण आहे. ओल्या नारळाचा चव, अळूची पानं, उकडीचे मोदक त्यांना तासभर लांबच्या भारतीय दुकानातून आणावे लागतात आणि हिवाळ्यात बर्फ पडला की घराबाहेर पडता येत नाही. तुम्ही डोंबिवलीत राहता. तिथला आकडा उचलून इथे लावणं म्हणजे अभ्यास न करता उत्तर उतरवून काढणं.

पण जागेपेक्षा मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती तुम्ही सगळेच करता. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला की दहा किलो शेंगा घेता. सोलून साडेचार-पाच किलो दाणे निघतात. ते सगळे एकाच संध्याकाळी पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये कोंबता आणि दार लावता. मी शिकवलं होतं, की फ्रीजर थंडी साठवून ठेवत नाही, तो आतली उष्णता बाहेर काढतो, आणि तेही त्याच्या बेताने. ५० लिटरच्या फ्रीजरनं एका दिवसात नवं अन्न गोठवायचं ते पावणेदोन, फार तर सव्वादोन किलो. त्यावर घातलंत तर आत आधीपासून गोठलेलं असेल त्याचंही तापमान चढू लागतं आणि नवं गोठायला दिवस-दीड दिवस लागतो.

हळू गोठलं म्हणून काय बिघडलं, असं विचारू नका, कारण सगळं तिथेच बिघडतं. अन्नातलं बहुतेक पाणी उणे १ ते उणे ५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात गोठतं. हा पट्टा झरझर ओलांडला तर बर्फाचे कण बारीक राहतात. रेंगाळला तर कण मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. मग वितळल्यावर पाणी सुटतं, मटार पिचपिचीत होतो, पापलेटचा तुकडा तव्यावर विरतो आणि तुम्ही मासेवालीला दोष देता. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस १९१२च्या सुमारास आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोरला गेला होता. तिथल्या इन्युइट लोकांनी पकडलेला मासा उणे ४० अंशांच्या वाऱ्यात बघता बघता गोठायचा आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्यानं हे नीट पाहिलं, त्यावर यंत्रं बांधली, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावातल्या दुकानांत त्याचे गोठवलेले मासे, मांस आणि भाज्या विकायला आल्या. आज जगभर चालणारा हा सगळा धंदा गोठण्याच्या वेगावर उभा आहे. तुम्ही मात्र पाच किलोचा ढीग एकावर एक रचून त्याच्या मधल्या भागाला दोन दिवस ताटकळत ठेवता.

मटार कसा गोठवायचा, हे पुन्हा एकदा सांगते. यापुढे सांगणार नाही. उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पंचावर पसरून पूर्ण कोरडा. ही दोन मिनिटं तुम्ही "वेळ नाही" म्हणून गाळता. दाण्यात विकरं असतात आणि ती गारठ्यात मरत नाहीत, फक्त मंदावतात. उकळतं पाणी त्यांना थांबवतं. नाही तर दोन महिन्यांत रंग जातो आणि गवतासारखा वास येतो. कोरडे दाणे ताटात एकेरी थरात गोठवा, नंतर पिशवीत भरा. एका पिशवीत एका वेळेला लागेल तेवढंच. पिशवी हातानं दाबून चपटी करा, दोन-अडीच सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाडी दुप्पट झाली की गोठायला दुपटीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. आणि चपट्या पिशव्या पुस्तकांसारख्या उभ्या राहतात, त्यामुळे ज्या जागेसाठी तुम्ही रडता ती जागाही मिळते.

आता पुरुषांनो, तुम्ही इकडेतिकडे बघू नका. रविवारी सकाळी रांगेत उभं राहून दोन किलो मटण आणता, पिशवी तशीच्या तशी फ्रीजरमध्ये टाकता आणि आपलं काम संपलं असं समजता. पुढच्या बुधवारी घरातली बाई तो दगड सकाळीच ओट्यावर काढून ठेवते आणि कामावर जाते. संध्याकाळपर्यंत त्याचा वरचा थर कित्येक तास गरम हवेत असतो आणि गाभा अजून बर्फ असतो. गोठण्यानं जंतू मरत नाहीत, झोपतात. ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते जागे होतात आणि वाढतात. त्यातलं अर्धं शिजवून उरलेलं अर्धं परत फ्रीजरमध्ये! हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मटण आणलं की त्याच दुपारी एका जेवणाचे वाटे करायचे, आणि हे काम आणणाऱ्यानं करायचं. वितळवायचं ते आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवून. ओट्यावर नाही.

किनाऱ्यावरच्या घरांचं दुखणं मला समजतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ज्याचं जेवण माशावाचून होत नाही त्यानं मे महिन्यात साठा केला तर मी बोलणार नाही. पण निवड शहाणपणानं करा. बांगडा, तारली हे तेलकट मासे. उणे १८ अंशांतही त्यांचं तेल हळूहळू खवट होत राहतं, दोन-तीन महिन्यांच्या वर त्यांना ठेवू नये. साफ करून, गोठवून, एकदा बर्फगार पाण्यात बुडवून पुन्हा गोठवलेत तर माशावर बर्फाचा पातळ पापुद्रा चढतो आणि मासा सुकत नाही. पुरणपोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या ना? तेच सुकणं. बर्फ वितळल्याशिवाय थेट हवेत उडून जातो, म्हणून उघडी पिशवी म्हणजे वाया गेलेलं अन्न.

उणे १८ म्हटलं, तर तुमचा फ्रीजर तिथपर्यंत पोचतो का ते पाहिलंत? दारावरच्या पाच ताऱ्यांकडे बोट दाखवू नका, ते विजेच्या बचतीचे आहेत. फ्रीजरच्या कप्प्याचे तारे वेगळे: एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. पहिल्यात गोठलेलं अन्न आठवडाभर टिकतं, दुसऱ्यात महिनाभर, तिसऱ्यात तीन महिने. एका दाराच्या छोट्या फ्रीजचा वरचा कप्पा बहुधा बर्फापुरताच असतो. त्यात वर्षाचा आमरस ठेवणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये तो आंबला म्हणून माझ्याकडे तक्रार आणू नये. दोनशे-चारशे रुपयांचा थर्मामीटर मिळतो. पंधरा-वीस हजारांचं यंत्र घ्यायला निघालेल्यांना तो परवडतो.

एका दाराच्या फ्रीजच्या त्या कप्प्यात बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की फ्रीज बंद करून वितळवायचा. सुरी लावायची नाही. त्या पातळ पत्र्यामागे वायूच्या नळ्या असतात आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमधला वायू पेट घेणारा असतो. घरात कुणाचं इन्सुलिन असेल तर ते फ्रीजरमध्ये नाही आणि फ्रीजरला चिकटूनही नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं.

गणपतीला आठ दिवस कोकणात जाता. मागे वीज किती तास गेली हे परत आल्यावर कसं कळणार? वाटीभर पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि मग जा. आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. दिसायला पूर्वीसारखंच दिसेल, तरी ते टाकायचं. वेगळा डीप फ्रीजर गच्च भरलेला असला आणि दार उघडलं नाही तर ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजवरचा छोटा कप्पा तेवढाही नाही. लोडशेडिंगच्या गावात राहून २०० लिटरचं स्वप्न पाहणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

डीप फ्रीजर कुणालाच लागत नाही असं मी म्हणत नाही. घरून मोदकांच्या, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेणारी बाई, बाजार वीस-तीस किलोमीटर लांब असलेलं शेतावरचं घर, दूर राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी महिन्याच्या आमट्या-भाज्या करून ठेवणारी लेक, यांना लागतो आणि त्यांनी बेलाशक घ्यावा. वर उघडणारा घेतला तर झाकण उघडल्यावर गार हवा आतच राहते, पण तळाला गेलेलं विसरलं जातं. म्हणून आत टोपल्या हव्यात आणि प्रत्येक टोपलीला नाव हवं. या लोकांना आपल्याला किती लिटर लागणार ते विचारावं लागत नाही. महिन्याला किती किलो आत जातं आणि किती बाहेर येतं ते त्यांना पाठ असतं.

तुमच्या आज्यांना पाठ होतं. कोठीच्या खोलीतली कुठली बरणी कुठल्या वर्षीच्या लोणच्याची, सांडगे किती उरले, आधी कुठला डबा फोडायचा, हे एका माणसाच्या डोक्यात असायचं आणि त्या माणसाला विचारल्याशिवाय काही हलत नसे. तुमच्या फ्रीजरला मालकच नाही. सगळे टाकतात, कुणी काढत नाही. उरलेली भाजी टाकून देताना जीव कासावीस होतो, म्हणून ती डब्यात घालून आत ठेवता आणि आठ महिन्यांनी जिवाला काही न वाटता फेकता. दरम्यान ती थंड ठेवायला वीज जाळता. अन्न वाया घालवण्याचा हा सगळ्यात महाग प्रकार आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांकडून तो मला चालणार नाही.

येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून फ्रीजर रिकामा करायचा. ज्याचं नाव आणि तारीख सांगता येत नाही ते टाकायचं, रडायचं नाही. उरलेल्यावर चिकटपट्टी लावून मार्करनं लिहायचं: काय, किती, कधी. एक वही दोरीनं फ्रीजच्या मुठीला बांधायची, पेन्सिलीसकट. आत काही गेलं की लिहायचं, बाहेर आलं की खोडायचं, आणि हे घरातल्या प्रत्येकानं, मुलांनीसुद्धा. वही सांभाळायला एक माणूस नेमायचा. तीन महिने हे करा. किती वेळा जागा खरंच कमी पडली ते त्या वहीत दिसेल. मग वही घेऊन माझ्याकडे या, आपण लिटर काढू. वहीशिवाय आलात तर मी दार उघडेन, चहा देईन, पण फ्रीजरबद्दल एक शब्द बोलणार नाही.