नित्याची गाडी, हौसेची गाडी : एक वाद

स्पोर्ट टूरर ही वेग आणि लांब पल्ला यांची सांगड घालणारी, डांबरी रस्त्यासाठी बनवलेली मोटारसायकल. शर्यतीच्या गाडीची सतरा इंची चाके, घट्ट सस्पेन्शन आणि वारा कापणारे फेअरिंग तिच्याकडे असते. पण हँडल उंच, फूटरेस्ट फार मागे न सरकवलेले, मागची सीट माणसाने बसण्याजोगी आणि सामान बांधायला जागा असते. या प्रकाराची सुरुवात बहुधा १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसपासून धरली जाते. हान्स मूथ यांनी बेतलेले तिचे पूर्ण फेअरिंग इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये तपासून घेतले होते. जर्मन ऑटोबानवर तासन् तास एका वेगाने जायचे आणि उतरल्यावर मान-पाठ शाबूत राहायची, ही त्यामागची गरज होती.

भारतात हे नाव सैलपणे वापरले जाते. एका टोकाला २०१९ मध्ये आलेली सुझुकी जिक्सर एसएफ २५० आहे : २४९ सीसी, साधारण २६ पीएस (अश्वशक्ती), १६१ किलो. मध्यावर बजाज डॉमिनार ४०० : ३७३ सीसी, २०१९ नंतर ४० पीएस, वजन सुमारे १९० किलो, तिला पूर्ण फेअरिंग नाही, पण वापर नेमका हाच. दुसऱ्या टोकाला कावासाकी निन्जा १०००एसएक्स : १,०४३ सीसी, सुमारे १४० पीएस, सुमारे २३५ किलो.

प्रश्न असा, की पुण्यातल्या कोथरूडहून हिंजवडीला रोज नोकरीला जाणाऱ्या आणि वर्षातून काही वेळा ताम्हिणीतून कोकणात किंवा आंबोलीमार्गे गोव्याला उतरणाऱ्या माणसाने एकच गाडी घ्यायची, तर ती कोणत्या वापराकडे बघून घ्यावी? यावर दोन पक्ष संभवतात.

पूर्वपक्षी : ज्या कामाला वाहन सर्वांत जास्त दिवस लागते, त्या कामावरून ते निवडावे. वर्षात कामाचे दिवस अडीचशे. लांबच्या सफरीचे दहा-बारा. ते अडीचशे दिवस चांदणी चौक आणि वाकडच्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढायचे आहेत. तिथे फेअरिंग काय कामाचे? तीसच्या वेगाला वारा अडवायचा नसतो, हवा असतो. उलट रेडिएटरचा पंखा सुरू झाला की इंजिनाची सगळी धग मांड्या-पोटऱ्यांवर येते. हँडल कमी वळते, त्यामुळे दोन मोटारींच्या फटीतून निघताना आणि पार्किंगमध्ये गाडी फिरवताना दोनदा मागेपुढे करावे लागते. वेगात न जाणवणारे वजन थांबल्यावर पायाला कळते, आणि शहरातला प्रवास म्हणजे मुख्यतः थांबणेच. दहा-बारा दिवसांच्या हौसेसाठी अडीचशे दिवस शिक्षा भोगणे हा हिशेब कुठला?

उत्तरपक्षी : दिवस मोजणे हे मापच अपुरे आहे. रोजचे तीस किलोमीटर धरले तर अडीचशे दिवसांचे साडेसात हजार होतात. सफरीचे रोज साडेतीनशे धरले तर बारा दिवसांचे चार हजार दोनशे. अंतराने मोजल्यावर पारडी इतकी विषम राहत नाहीत. शिवाय मीमांसकांनी कर्मांचा एक भेद केला आहे. नित्य कर्म यथाशक्ती केले, एखादे अंग उणे राहिले, तरी ते पार पडते. काम्य कर्म मात्र सर्व अंगांसह झाले तरच फळ देते. नोकरीला जाणे नित्य आहे. ते कोणत्याही गाडीने होते, थोडा त्रास होतो इतकेच. सफर काम्य आहे. आठव्या तासाला मनगटे बधिर झाली, मागे बसलेल्या माणसाची कंबर धरली, अंधारात दिवा पुरेना, तर कोकणात पोचूनही सफर झाली असे म्हणता येत नाही. म्हणून साधन निवडताना काम्याची अट आधी पाहावी.

पूर्वपक्षी : मीमांसेचा अर्धाच नियम सांगितला. नित्य चुकले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. काम्य केलेच नाही तर काहीही बिघडत नाही. ऑफिस बुडवता येत नाही, गोवा बुडवता येतो. शिवाय रोजचा त्रास नक्की आहे आणि सफर ही आशा आहे. बहुतेक माणसे गाडी स्वतःसाठी घेत नाहीत. आपण जो होणार आहोत असे त्यांना वाटते, त्या माणसासाठी घेतात. तो माणूस पुष्कळदा येतच नाही. हप्ते मात्र येतात.

उत्तरपक्षी : हा आक्षेप मान्य करून मार्ग काढता येतो. नित्याने वरची मर्यादा आखावी, काम्याने खालची. वरची मर्यादा वजन, उष्णता आणि सीटची उंची यांची : उतारावर उभी केलेली गाडी एकट्याने मागे ढकलता आली पाहिजे, सिग्नलला दोन्ही पाय टेकले पाहिजेत. या कसोटीला सव्वादोनशे किलोंच्या पुढच्या गाड्या बहुतेकांसाठी बाद होतात. खालची मर्यादा ताकद, ब्रेक आणि वाऱ्यापासून आडोसा यांची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. साठवरून ऐंशीला गेल्यावर केवळ वाऱ्यासाठी लागणारी शक्ती जवळपास अडीच पट होते. त्यात मागे माणूस, दोन बॅगा आणि घाटाचा चढ आला की १२५ सीसीचे दहा-अकरा पीएस पूर्ण खर्ची पडतात. इंजिन ओरडत राहते आणि त्याची थरथर तळहातांत उतरते.

पूर्वपक्षी : ही खालची मर्यादाच खोटी आहे. स्पोर्ट टूरर ज्या रस्त्यासाठी जन्मली तो रस्ता इथे तिला बंद आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे. तिने जुन्या महामार्गानेच जायचे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेली दुचाकीची कमाल वेगमर्यादा चौपदरी महामार्गावरही ऐंशीच आहे. ताम्हिणी, वरंधा, आंबोली या वाटांवर साठही जास्त होतात. ऐंशी तर १२५ सीसीची गाडीही गाठते. मग वरची सगळी शक्ती कायदा मोडण्यासाठी विकत घ्यायची काय?

उत्तरपक्षी : शक्ती कमाल वेगासाठी नसते, राखीव असते. घाटात भरलेला ट्रक ताशी तीसने चढतो आहे असे धरा. ट्रकची लांबी आणि पुढचे-मागचे अंतर मिळून चाळीस मीटर जास्तीचे कापायचे आहेत. मागे माणूस घेतलेली लहान गाडी चढावर चाळीसच्या वर जाईना, तर वेगातला फरक दहा. ओलांडायला चौदा सेकंद लागतात. साठ सहज गाठणाऱ्या गाडीला पाच सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात समोरून पन्नासने येणारी जीप पहिल्या बाबतीत दोनशे मीटर जवळ येते, दुसऱ्या बाबतीत सत्तरहून कमी. मर्यादा न मोडता धोक्यातला काळ एक-तृतीयांशावर येतो. राखीव शक्तीचा उपयोग तो हा.

पूर्वपक्षी : या गणितात एक पर्याय धरलाच नाही : ट्रकमागे थांबणे. लहान गाडीवाल्याला माहीत असते की आपल्याने हे होणार नाही. तो थांबतो आणि दहा मिनिटे उशिरा पोचतो. चौदा सेकंदांचा धोका तो पत्करतच नाही, त्याचा धोका शून्य सेकंदांचा. मोठ्या गाडीवाला मात्र पाच सेकंदांची संधी प्रत्येक वळणावर शोधतो. शक्ती राखीव असते असे म्हणणाऱ्यानेच ती ठेव उघडून दाखवली.

उत्तरपक्षी : थांबणाराही सुरक्षित नसतो. समोर डिझेलचा धूर, मागून घाई करणारी मोटार, आणि ट्रक आड येत असल्यामुळे पुढचे खड्डे दिसत नाहीत.

पूर्वपक्षी : अंतर ठेवले की खड्डे दिसतात.

उत्तरपक्षी : अंतर ठेवले की मधे मोटार घुसते.

पूर्वपक्षी : घुसू द्यावी. ज्याला एक मोटार पुढे गेलेली सोसत नाही, त्याचा प्रश्न सीसीचा नाही.

उत्तरपक्षी : तरीही उत्तम ब्रेक, चाक लॉक होऊ न देणारे एबीएस, रुंद टायर आणि कडक फ्रेम या गोष्टी मोठ्या गाडीबरोबर येतात. पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणावर त्या जीव वाचवतात.

पूर्वपक्षी : एबीएस १२५ सीसीच्या वरच्या सगळ्याच नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचे आहे. १५०–१६० सीसीची साधी गाडी घेतली तरी ते मिळते. त्यासाठी ४० पीएस घ्यावे लागत नाहीत. आणि वेग वाढला की गतिज ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते. साठऐवजी ऐंशीला ब्रेक लावणाऱ्याला पावणेदोन पटींहून अधिक ऊर्जा जिरवायची असते. चांगला ब्रेक आधी हे वाढीव कर्ज फेडतो, मग जीव वाचवतो.

या मुद्द्यावर उत्तरपक्षाकडे निर्णायक उत्तर नाही. राखीव शक्ती धोका कमी करते की वाढवते, हे यंत्रावर ठरत नाही, ते चालवणाऱ्याच्या संयमावर ठरते. संयम गाडीच्या किमतीत येत नाही. इतकेच म्हणता येते की ज्याच्याकडे संयम आहे त्याला राखीव शक्तीचा फायदा होतो आणि ज्याच्याकडे तो नाही त्याने लहान गाडी घ्यावी. पण स्वतःला दुसऱ्या वर्गात टाकणारा ग्राहक सापडणे कठीण.

पूर्वपक्षी : मग एकाच गाडीचा हट्ट का? रोजला एक स्कूटर ठेवावी, सफरीला हवी तितकी मोठी गाडी. एकीकडून दोन्ही कामे करून घेण्यापेक्षा दोघींनी आपापले काम चोख करावे.

उत्तरपक्षी : दोन गाड्या म्हणजे दोन विमे, दोन पीयूसी, दोन सर्व्हिसिंग आणि सोसायटीत दोन जागा. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, चेन गंजते. हे खर्च सोसता येतील. हाताचे वळण हा त्याहून मोठा अडसर आहे. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात. डावा लिव्हर मागचा ब्रेक. मोटारसायकलला डावा लिव्हर क्लच आहे आणि मागचा ब्रेक पायाखाली. अडीचशे दिवस ज्याचा डावा हात ब्रेक म्हणून दाबायला शिकला आहे, तो घाटात अचानक गाय आडवी आल्यावर तोच लिव्हर दाबेल. गाडी थांबणार नाहीच, उलट क्लच दाबला गेल्यामुळे इंजिनाचा रोधही जाईल. जी गाडी रोज चालवली तिच्यावरच हात विचार न करता बरोबर चालतो. रोजचा प्रवास हा सफरीचा रियाज आहे, म्हणून दोन्हीला गाडी एकच हवी.

पूर्वपक्षी : हे पटण्याजोगे आहे. पण मग लहान गाडीवरच रियाज करून लहान गाडीवरच गोव्याला का जाऊ नये? शंभर-सव्वाशे सीसीवर लडाख गाठणारे आहेतच.

उत्तरपक्षी : जाता येते, एकट्याने, कमी सामानात, दिवसाला कमी अंतर ठेवून. मागे कोणी बसणार नसेल तर पूर्वपक्षाचे म्हणणे जवळपास पूर्ण खरे आहे. जोडीदार बसणार असेल तर निर्णय एकट्याचा उरत नाही. मागची सीट, तिथले फूटरेस्ट आणि चढावरची ताकद यांना मत मिळते.

पूर्वपक्षी : आणि रोजचा प्रवास मेट्रोने झाला तर? वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट या मार्गांवरचा नोकरदार खुर्चीवर बसून जाऊ शकतो.

उत्तरपक्षी : ज्याचा प्रवास मेट्रोने होतो त्याच्यापुरता हा वादच मिटतो. त्याने सफरीपुरती गाडी निवडावी. मात्र तो रियाजाला मुकतो, हे लक्षात ठेवून लांब निघण्याआधी काही दिवस ती शहरात चालवावी.

दोन्ही पक्ष तपासल्यावर काही गोष्टी स्थिर राहतात. हजार सीसीची स्पोर्ट टूरर महाराष्ट्रातल्या नोकरदाराला रोजच्या वापरासाठी गैरसोयीची आहे, आणि सफरीतही तिच्या शक्तीला वाव देणारा रस्ता जवळपास नाही. एकट्याने फिरणाऱ्याला १५० ते २५० सीसी पुरते. जोडीने फिरणाऱ्याला २५० ते ४०० सीसीच्या पट्ट्यात पाहावे लागते. खड्ड्यांचे रस्ते जास्त असतील तर सस्पेन्शनला अधिक हालचाल असलेली अ‍ॅडव्हेंचर प्रकारची गाडीही तोलून पाहावी. पहिल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या पुढच्या सस्पेन्शनला २०० मिलिमीटर होते, स्पोर्ट टूररला त्याहून बरेच कमी असते. अशा गाडीची उंची मात्र बुटक्या चालकाला सिग्नलवर अडचणीची ठरते. किमतीच्या बाजूने २२ सप्टेंबर २०२५ पासूनची रेषा ध्यानात घ्यावी : ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी, त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. या रेषेच्या पलीकडे जाणाऱ्याने वाढीव सीसी आपल्या कोणत्या चढावर, कोणाला मागे बसवून लागणार आहेत, हे आधी नेमके सांगता येते का ते पाहावे.

टेस्ट राइड सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नये. संध्याकाळी सहाला, ऑफिस सुटण्याच्या वेळी, नेहमीच्या वाटेवर घ्यावी. मागे बसणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे, आणि परतल्यावर आधी त्याला विचारावे.