पाणी अडवले, वाटा जिरवला

५ जून जवळ आला की महाराष्ट्रातले संत एकाएकी पर्यावरणवादी होतात. वृक्षारोपणाच्या मांडवात झाडांना सगेसोयरे मानणारा तुकोबांचा अभंग लागतो, आणि जालना जिल्ह्यात त्याच्या जोडीला समर्थ रामदासांचे ‘बागप्रकरण’ येते. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थांचे जन्मगाव. १६०८ साली ज्या मातीत ते जन्मले, तिथल्या वक्त्यांना त्यांचा दाखला द्यावासा वाटणे स्वाभाविकच आहे. खटकते ते त्या दाखल्यातून काढलेले अनुमान. हा विचार आमच्याकडे चारशे वर्षांपूर्वीच होता, स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेने आम्हाला तो शिकवायला नको, असे म्हटले की टाळ्या पडतात, रोपाला पाणी घातले जाते, फोटो निघतो आणि सगळे घरी जातात. जो विचार आपल्यात पहिल्यापासूनच मुरलेला आहे, त्यापायी कोणाला काही सोडावे लागत नाही आणि कोणाला जाबही द्यावा लागत नाही. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत राज्याने ५० कोटी झाडांचे लक्ष्य ठेवले, त्यातली ३३ कोटी एकट्या २०१९ ची. या मोहिमांवर वाद झाला तो आकड्यांचा आणि जगलेल्या रोपांचा. झाड कोणाच्या जमिनीवर लागले, तिथे आधी कोणाची जनावरे चरत होती आणि त्या शिवारातले पाणी कोणाच्या विहिरीत जाते, हे विचारायचे राहूनच गेले.

‘बागप्रकरण’ वाचले तर ते काय आहे हे लगेच कळते. बाग लावायची असेल तर काय काय लावावे, याची ती भरगच्च यादी आहे: फळझाडे, फुलझाडे, वेली, भाज्या, औषधी वनस्पती. मराठी वनस्पतिनामांचा तो मोठा ठेवा आहे आणि लिहिणाऱ्याचा हात मातीत होता हेही दिसते. पण सृष्टी संपू शकते, ही धास्ती त्यात नाही आणि असायचे कारणही नव्हते. सतराव्या शतकातल्या राज्यकर्त्याला चिंता असे ती ओसाड गावे पुन्हा वसवण्याची आणि पडीक जमीन लागवडीखाली आणण्याची. त्या काळाच्या आसपासचा एकच मजकूर मला या विषयात खरा महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. आरमारासाठी लाकूड हवे, पण रयतेच्या आंबा-फणसाला तिच्या मर्जीविरुद्ध हात लावू नये, कारण ही झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात; झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, असे ते सांगते. भाषणांत यातला वृक्षप्रेमाचा भाग तेवढा उचलला जातो. अमात्यांचा कटाक्ष आहे तो जुलमावर. झाड कोणाचे आणि ते तोडायचा हक्क कोणाला, हा तिथला प्रश्न आहे. महाराष्ट्रात पर्यावरणाच्या विचाराला जेव्हा जेव्हा धार आली, तेव्हा ती याच प्रश्नाने आली आहे.

ही धार पहिल्यांदा नीट दिसते ती जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, १८८३ साली. तोवर १८६५ आणि १८७८ च्या कायद्यांनी रानाभोवती सरकारी हद्द पडली होती. फुले फॉरेस्ट खात्यावर तुटून पडतात ते रानाच्या सौंदर्यासाठी नाही. डोंगर, दऱ्या आणि गायराने खात्याच्या घशात गेल्यावर शेतकऱ्याच्या शेळीला उभे राहायला जागा उरली नाही, हे ते दाखवतात. त्याच पुस्तकात, डोंगरउतारावरचा पालापाचोळा आणि कुजलेला सेंद्रिय अंश पावसाच्या पाण्याबरोबर शेतात यावा, तो नदीला वाहून जाऊ नये, म्हणून पाणी शिवारात मुरवत खाली सोडणाऱ्या ताली आणि बंधारे बांधावेत, हे काम पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या जास्तीच्या माणसांकडून करून घ्यावे, अशी सूचना आहे. तळ्यातला गाळ शेतकऱ्याला फुकट द्यावा आणि खात्याने घेतलेली गायराने परत करावीत, हेही आहे. एवढे वाचून फुल्यांना ‘पाणलोट विकासाचे जनक’ ठरवणारे लेख निघाले आहेत. पण फुले तिथे थांबत नाहीत. कालव्याची पट्टी वसूल करणारे अधिकारी शेतकऱ्याला पाणी पोचते की नाही हे पाहत नाहीत, म्हणून प्रत्येकाला गरजेपुरते पाणी मिळेल अशा तोट्या बसवाव्यात, असे ते बजावतात. खडकवासल्याच्या धरणकामाशी कंत्राटदार म्हणून संबंध आलेल्या माणसाला धरण आणि वाटप यांच्यामधली दरी ठाऊक असणार. बंधारा आणि तोटी फुल्यांच्या डोक्यात एकत्र आहेत. पुढच्या शंभर वर्षांत आपण बंधारा ठेवला आणि तोटी विसरलो.

मधला टप्पा वाचकांना ठाऊक आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा, धरणात बुडणाऱ्यांनी विजेच्या कंपनीविरुद्ध केलेला. २० मार्च १९२७ चा महाड सत्याग्रह मात्र आपण सामाजिक इतिहासाच्या कप्प्यात टाकला आहे. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न तिथे इतक्या उघडपणे विचारला गेला, की त्याला पर्यावरणाच्या इतिहासातून वगळायचे तर त्याची काही कारणे द्यावी लागतील. ती अजून कोणी दिलेली नाहीत. पुढे रॅचेल कार्सन, चिपको, सायलेंट व्हॅली, नर्मदा हे सगळे पाठ्यपुस्तकांतही आले आहे.

माझे भांडण आहे ते १९७२ च्या वाचनाशी. जूनमध्ये स्टॉकहोमला इंदिरा गांधींचे गाजलेले भाषण झाले आणि त्याच पावसाळ्यात महाराष्ट्र करपला. मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. रस्त्यांसाठी खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव. या दुष्काळाने महाराष्ट्राला ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हा मंत्र दिला, असे सगळेच सांगतात, आणि ते खोटेही नाही. पण मंत्राच्या आधी एक हिशेब होता. पाझर तलावाच्या भिंतीवर घमेल्याने माती टाकणारी बाई बहुधा भूमिहीन किंवा कोरडवाहू घरातली. तलाव भरला की पाणी खालच्या अंगाला पाझरते आणि तिथे ज्याची विहीर आहे त्याचे दोन बागायती हंगाम सुटतात. मजुरी मिळाली, बाईचा संबंध संपला. तलाव सार्वजनिक पैशाचा, श्रम तिचे, पाणी मात्र सातबाऱ्याच्या मागे चालत जाते. इंग्रजांच्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाला दिला, आणि ‘असूड’च्या आगेमागे आलेला हा नियम आपण स्वतंत्र भारतातही चालू ठेवला. दुष्काळाने उघडे पाडले ते हे: पाऊस कमी पडल्याने टंचाई सुरू होते, पण ती कोणाच्या दारात जाऊन बसणार हे या कायद्यावर आणि सातबाऱ्यावर ठरते.

पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कसायला घेतली, ती १९७४ च्या सुमारास. तिथले समतल बांध आणि तळे पाहायला आजही लोक जातात. पण साळुंख्यांचे खरे काम बांधाचे नाही, ते पाणी पंचायतीच्या नियमांचे आहे. पाणी माणशी मिळेल, जमिनीच्या एकरांवर नाही: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, पाच माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. पुढच्या दशकात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, येरळेकाठी तांदुळवाडीला, मुक्ती संघर्ष चळवळीने बळीराजा धरण बांधले. नदीतली वाळू विकून पैसे उभे करण्याचा हक्क सरकारशी भांडून मिळवला, आणि भूमिहीनांसह सगळ्यांच्या वाट्याचे सूत्र तिथेही पुढे आले. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवण्याची ही कल्पना माझ्या मते महाराष्ट्राची पर्यावरणविचाराला सर्वांत मोठी देणगी आहे. अमेरिकेत त्या सुमारास नद्यांना आणि झाडांना न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार असावा की नाही, यावर लेख लिहिले जात होते. पुरंदरमध्ये भूमिहीन मजुराला पाण्यात उभे केले जात होते.

सरकारने यातले काय उचलले, ते पाहावे. जेसीबीने होणारे, मोजता येणारे आणि उद्घाटन करता येणारे तेवढे सगळे उचलले. डिसेंबर २०१४ च्या जलयुक्त शिवारपर्यंत खोलीकरण, रुंदीकरण आणि सिमेंट बंधारे आले. नियम आले नाहीत. २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या कॅगच्या अहवालाने, नऊ हजार कोटींहून अधिक खर्चूनही गावे पाण्याला स्वयंपूर्ण झाली नाहीत आणि भूजलावर फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका ठेवला. आदर्श गाव म्हणून गाजलेल्या हिवरे बाजारचेही तसेच. तिथल्या झाडीचे फोटो सगळीकडे लागले. पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायचे, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे नियम सहसा फोटोखालच्या ओळीतही येत नाहीत. अर्थात आदर्श गावांच्या कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचा भार कोणावर पडला, हेही एकदा विचारले पाहिजे. ज्याच्याकडे शेळ्या आहेत आणि जमीन नाही, त्याने आपले रान सोडले आणि पाणी मात्र दुसऱ्याच्या विहिरीला आले, असे झाले असेल तर फुल्यांची फॉरेस्ट खात्यावरची तक्रार आपण गावाच्या ठरावाने पुन्हा खरी केली.

यावर जालना जिल्ह्यातूनच आक्षेप येईल: मग कडवंची काय? नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन कार्यक्रमातून, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने तिथे पाणलोटाचे काम झाले. कोरडवाहू गाव द्राक्षांचे झाले आणि २०१२-१३ च्या दुष्काळात, जेव्हा जिल्ह्यात मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली, तेव्हाही तिथले मळे उभे राहिले. हे खरे आहे आणि मोठे आहे. तंत्र फसवे आहे, असे माझे म्हणणे नाही. पण त्या द्राक्षांना तारणाऱ्या शेततळ्याकडे जवळून पाहावे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल खड्डा. आत काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर, म्हणजे खाली एक थेंबही मुरणार नाही. आणि भरणे पावसाने कमी, विहिरीवरच्या मोटारीने जास्त. सगळ्यांचे भूजल वर काढून एकाच्या कुंपणात उन्हात ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. अशा तळ्यात वीसेक लाख लिटर पाणी मावते. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या मापाने ते शंभर माणसांना वर्षभर पुरेल. जे जिरवायला गावाने घाम गाळला, तेच प्लॅस्टिकवर साठवायला सरकारी अनुदान मिळते, आणि दोन्ही योजना पर्यावरणपूरक म्हणून मिरवतात.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पाणी पंचायतीच्या कित्येक योजना बंद पडल्या, कल्पना पुरंदरबाहेर फारशी पसरली नाही, मग तिचे एवढे कौतुक कशाला? बंद पडल्या हे मान्य. वीजबिले थकली, उसाची ओढ भारी ठरली, पुढारी थकले. पण जमिनीशी पाणी बांधणारा कायदा, उसाशी बांधलेला कारखाना आणि कारखान्याशी बांधलेले राजकारण तिन्ही शाबूत ठेवून एका स्वयंसेवी प्रयोगाने टिकावे, ही अपेक्षाच अजब आहे. राज्यात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. हा प्रकार मात्र कधी अव्यवहार्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप मराठवाड्याच्या मनातला: आधी नाशिक-नगरने आमचे पाणी सोडावे, मग आमच्यातल्या वाटपाचे बघू. वरच्या धरणांनी जायकवाडीला पाणी द्यावे ही मागणी न्याय्य आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातले समन्यायी वाटपाचे तत्त्व तिच्या मागे आहे आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. पण पैठणच्या भिंतीशी येऊन हे तत्त्व संपत नाही. जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीतून जातो आणि त्याच्या अंगाने ऊस उभा आहे. अंकुशनगरला आणि तीर्थपुरीला गाळप करणारा सहकारी साखर कारखाना समर्थांचेच नाव लावतो. त्याच तालुक्यांतली कालव्याबाहेरची गावे फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहतात आणि तिथली माणसे कोयता घेऊन फडावर जातात. नाशिकच्या बागायतदारापुढे मांडलेला युक्तिवाद घनसावंगीच्या बागायतदारापुढे मांडायची आपली तयारी नसेल, तर ती मागणी न्यायाची न राहता फक्त जिल्ह्याची होते. आणि कायदा तूर्त बागायतदाराच्याच बाजूने आहे. त्याच २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा दुसरा कायदा झाला. त्यानुसार पाणीवापर संस्थेचा सभासद व्हायचे तर लाभक्षेत्रात जमीन धारण करावी किंवा कसावी लागते. कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडणाऱ्या भूमिहीन मजुराला त्या संस्थेत मत नाही.