वचनाचा देश कोणता?

दोन वेगळ्या राज्यांत राहणाऱ्या माणसांमधला व्यवहार फिसकटला की तीन प्रश्न एकदम उभे राहतात: वाद कोणत्या न्यायालयापुढे चालवायचा, त्याला कोणत्या देशाचा कायदा लावायचा, आणि एका देशात मिळालेला निकाल दुसऱ्या देशात मानला जाईल का. या प्रश्नांचा विचार करणाऱ्या शाखेला खासगी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणतात. नावात आंतरराष्ट्रीय हा शब्द असला तरी तो राष्ट्राराष्ट्रांमधल्या तहांचा कायदा नव्हे. व्यापारी, आडते, कारखानदार अशा खासगी माणसांचे संबंध सीमा ओलांडतात तेव्हा प्रत्येक देश जे नियम लावतो, त्यांचा तो समूह होय. वकिलांच्या दृष्टीने हे सारे तंत्राचे प्रश्न आहेत, पण त्यांच्या तळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न दडलेला आहे. दिलेला शब्द माणसाला बांधतो तो शब्दाच्या बळावर, की ज्या भूमीवर तो दिला तिथल्या राजाच्या बळावर? राजाच्या बळावर म्हटले तर वेस ओलांडताच माणूस मोकळा होतो. शब्दाच्या बळावर म्हटले तर परक्या न्यायाधीशाने त्या शब्दाचा लावलेला अर्थही कधी ना कधी मानावा लागतो.

आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या मातीला हा प्रश्न नवा नाही. जिल्ह्यातले तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या पुस्तकात तगर हे पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून येते, आणि तिथले साधे कापड, मलमल व इतर माल गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचच्या बंदरात नेला जातो, असे तो लेखक नोंदवतो. भडोचहून तो माल इजिप्तच्या रोमन बंदरांकडे जात असे. तेरचा विणकर, वाटेतला गाडीवान, भडोचचा सावकार आणि अलेक्झांड्रियाचा खरेदीदार यांचा राजा एक नव्हता, देव एक नव्हते आणि भाषाही एक नव्हती; तरीही माल चालत होता, याचा अर्थ शब्द चालत होता.

तो कोणत्या बळावर चालत असावा, याचा सर्वांत नेटका विचार याच परिसराला लागून झालेला आहे. जिल्ह्यातल्या उमरग्याच्या पूर्वेला, आज कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. वारसाहक्काच्या संदर्भात तिचे नाव प्रत्येक वकिलाला माहीत असते; तिच्यातला व्यापाराचा भाग मात्र क्वचितच उघडला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. याज्ञवल्क्य सांगतो की रानावनांतून माल नेणाऱ्या ऋणकोने शेकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याने शेकडा वीस असे दरमहा व्याज द्यावे, किंवा ज्याने जे कबूल केले असेल ते द्यावे. टीकेत याचे कारण दिले आहे ते असे की अशा प्रवासात मुद्दलच बुडण्याची भीती असते. भूमध्य समुद्रावरच्या ग्रीक-रोमन सागरी कर्जाचे तत्त्वही हेच होते: जहाज बुडाले तर पैसा सावकाराचा बुडाला, म्हणून व्याज जबर. दोन संस्कृतींनी एकमेकींचा ग्रंथ न वाचता हा एकच हिशेब मांडला होता.

त्याच स्मृतीत सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणे, अहिंसा यांना सर्वांचा धर्म म्हटले आहे. याला साधारणधर्म म्हणतात, कारण तो वर्ण, देश, व्यवसाय पाहत नाही. याउलट जिंकलेल्या मुलखाचा आचार, व्यवहार आणि कुळरीत राजाने होती तशीच राखावी, असेही स्मृती सांगते, हा देशधर्म. वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटते, कारण धर्म एकच असेल तर गावोगावी वेगळा कसा, आणि गावोगावी वेगळा असेल तर तो धर्म कसला. पण या दोन्हींना वेगळ्या जागा आहेत. शब्द पाळणे हा साधारणधर्म आहे, त्याला वेस नाही. शब्द किती, कशाने मोजायचा, मुदत कधी टळली, तोटा कोणी सोसायचा, हे देशधर्माचे काम आहे. माप गावाचे असते, मापात खोट न करण्याचे बंधन मात्र कोणत्याच गावाचे नसते.

मग दोन गावांची मापे समोरासमोर आली तर काय? याचे उत्तर कात्यायनाच्या एका वचनात सापडते. कात्यायनस्मृतीचा मूळ ग्रंथ हरवलेला आहे. पुढच्या निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने भारतरत्न पां. वा. काणे यांनी गोळा करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. एका देशाच्या, नगराच्या किंवा गावाच्या लोकांचे आपसांतले वाद त्यांच्याच संकेतांनी सोडवावेत, परंतु त्यांचा इतरांशी वाद असेल तर तो शास्त्राने सोडवावा, असा त्याचा आशय आहे. आधुनिक परिभाषेत ज्याला कायद्यांचा संघर्ष म्हणतात त्याचा हा नियमच आहे, आणि तो बाणेदार आहे, कारण परक्याशी वाद पडला की स्वतःच्या गावाची रीत पुढे करण्याचा हक्क तो काढून घेतो. अडचण एवढीच की दोघांनाही मान्य असे शास्त्र असले पाहिजे, आणि तगरच्या कापडाच्या ग्रीक गिऱ्हाइकाला कात्यायन ठाऊक नव्हता.

असे सामाईक शास्त्र नसले की काय होते, हे या जिल्ह्याने पुढे स्वतःच्या अंगावर अनुभवले. इंग्रजांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामावर साचलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८६० मध्ये तो परत मिळाला. म्हणजे इथली माणसे आणि त्यांची न्यायालये सात वर्षे एका सरकारच्या देण्यापोटी दुसऱ्या सरकारकडे तारण पडली होती. त्यानंतर १९४७ पर्यंत जिल्ह्यातला परंडा निजामाच्या राज्यात आणि जवळची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, अशी स्थिती राहिली. मालाची बाजारपेठ बार्शी, पण अलीकडे निजामाचा हाली सिक्का आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, आणि खास अधिसूचना काढलेली नसेल तर अलीकडचे न्यायालय पलीकडच्या कायद्याने परकीय न्यायालय. अशा निकालांचे भवितव्य १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या अखेरच्या अपील न्यायालयाने, एका पंजाबी खटल्यात ठरवून टाकले. फरीदकोटच्या राजाने संस्थान सोडून गेलेल्या आपल्या माजी खजिनदारावर, म्हणजे गुरदयालसिंगावर, स्वतःच्या संस्थानात एकतर्फी हुकूमनामे मिळवले आणि त्यांच्या आधारे ब्रिटिश हद्दीतल्या लाहोरला दावा लावला. जो माणूस तिथे राहत नाही आणि ज्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नाही, त्याच्यावरचा असा निकाल सीमेबाहेर शून्यवत आहे, असे कौन्सिलने सांगितले. वादी स्वतःच राजा असताना हा निर्णय न्याय्यच होता. मात्र त्याच तत्त्वाने, परंड्याच्या कुणब्याने आपल्या तालुक्यात बार्शीच्या आडत्यावर निकाल मिळवला असता आणि आडत्या तिथे फिरकलाच नसता, तर तो कागदही सोलापुरात पोकळ ठरला असता.

इथे तेरच्याच गोरोबाकाका कुंभारांची संतपरंपरेतली कथा मदतीला येते. संतांच्या मेळ्यात कोणते मडके कच्चे ते सांगा असे मुक्ताबाईने म्हटल्यावर गोरोबाने थापटणे घेऊन एकेकाचे डोके तपासले, नामदेवांनी त्याला हरकत घेतली, आणि कच्चे मडके तेच ठरले. कुंभाराची ही परीक्षा कायद्याच्या प्रश्नाला नेमकी लागू पडते, कारण थापटण्याने मडके नव्याने घडवता येत नाही. आवाज ऐकून ते भाजले आहे की नाही एवढेच कळते. ते कोणाच्या चाकावर घडले, याच्याशी त्या परीक्षेचे देणेघेणे नसते. परक्या देशाच्या निकालाशीही असेच वागले पाहिजे: तो थापटून पाहावा, पण पुन्हा चाकावर चढवू नये. वाद मुळापासून पुन्हा चालवणे हा परक्या न्यायाचा अपमान आहे, आणि न थापटता पाणी भरणे हा आपल्याकडे दाद मागणाऱ्याचा विश्वासघात आहे.

युरोपचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या दोन टोकांमधली ओढाताण आहे. १९६८ च्या ब्रुसेल्स करारापासून तिथल्या देशांनी परस्परविश्वास हे तत्त्व धरले: सदस्य देशांतली न्यायालये एकमेकांचे निकाल मान्य करतील आणि गुणदोष पुन्हा तपासणार नाहीत. हा विश्वास किती आंधळा होऊ शकतो, हे २००३ च्या गासर खटल्यात दिसले, आणि योगायोगाने तोही कापडाचाच वाद होता. गासर ही ऑस्ट्रियाची कंपनी रोमच्या मिसात या कंपनीला लहान मुलांचे कपडे विकत असे, आणि वाद ऑस्ट्रियात चालतील असे तिच्या बिलांवर छापलेले असे. मिसातने आधीच रोममध्ये दावा दाखल केला. युरोपीय न्यायालयाने सांगितले की ज्या न्यायालयात दावा आधी गेला ते आपला अधिकार ठरवीपर्यंत दुसऱ्याने थांबलेच पाहिजे, मग पहिले कितीही संथ असो. देणे लांबवू पाहणाऱ्या प्रत्येकाला यातून वाट सापडली: संथ न्यायालय गाठावे आणि आधी दावा ठोकावा. शब्द मोडणाऱ्याला कायद्याचेच कवच मिळाले. २०१२ च्या सुधारित नियमावलीने, जी २०१५ पासून लागू झाली, पक्षकारांनी ठरवलेल्या न्यायालयाला अग्रक्रम देऊन ही चूक दुरुस्त केली. थापटण्याची जागाही शिल्लक राहिली. क्रोमबाख खटल्यात, २००० मध्ये, आरोपी स्वतः हजर नाही म्हणून त्याच्या वकिलाचे ऐकूनच न घेता फ्रान्समध्ये दिलेला भरपाईचा निकाल जर्मनी नाकारू शकते, असे ठरले.

धर्म स्वतःच कराराचा कायदा होऊ शकतो का, हा प्रश्न २००४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. बहारीनच्या शमील बँकेने बांगलादेशच्या बेक्सिम्को कंपनीला दिलेल्या रकमेच्या करारात, शरियतच्या तत्त्वांना अधीन राहून इंग्लिश कायदा लागू होईल, असे कलम होते. व्यवहार मुळात व्याजाचाच असल्याने शरियतनुसार तो अंमलात आणता येणार नाही, असा बचाव ऋणकोंनी घेतला. न्यायालयाने तो फेटाळला, कारण १९८० च्या रोम करारानुसार पक्षकारांना एखाद्या देशाचाच कायदा निवडता येतो, धर्माची व्यापक तत्त्वे नव्हेत. धर्मनिष्ठ वाचकाला हे टोचेल, पण इथे धर्माचे नाव कोण घेत होते तेही पाहिले पाहिजे: घेतलेले पैसे परत करण्याचे टाळू पाहणारे. मिताक्षरेच्या भाषेत, देशधर्माचा आधार घेऊन साधारणधर्म बुडवण्याचा तो प्रयत्न होता.

आज जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत आणि महाराष्ट्रातली द्राक्षे मुख्यतः नेदरलँड्समधून युरोपात शिरतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्यावर युरोपात महाराष्ट्रातल्या द्राक्षांचे कंटेनर अडले तेव्हा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न बागाइतदाराच्या अंगणापर्यंत आला. करारात कायदा निवडलेला नसेल तर २००८ च्या ‘रोम एक’ नियमावलीप्रमाणे थेट विक्रीला विक्रेत्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा लागतो, आणि तो डच न्यायालयालाही लावावा लागतो. माल आडतीवर, म्हणजे विकून देण्यासाठी पाठवला असेल तर साधारणपणे आडत्याच्या देशाचा कायदा लागतो. बिलावरच्या एका शब्दावर देश बदलतो, आणि तो शब्द बहुधा बागाइतदाराने लिहिलेला नसतो.

निकालाची वाट त्याहून खडतर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली परस्परमान्य ठरवलेल्या देशांचे निकाल भारतात थेट बजावता येतात, पण त्या यादीत युरोपीय संघातला एकही देश नाही. तिथला निकाल घेऊन येणाऱ्याला निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत इथे नवा दावा लावावा लागतो आणि कलम १३ च्या कसोट्यांना उतरावे लागते, त्यांत अधिकार होता का, बाजू ऐकली का, फसवणूक झाली का, हे येते. उलट दिशेने नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये करार नसलेल्या देशांच्या निकालांसाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांतही सर्वमान्य अधिकार आणि न्याय्य सुनावणी या दोन मुख्य आहेत. कात्यायनाला हवे असलेले सामाईक शास्त्र अशा रीतीने, कोणी न लिहिता, दोन्हीकडे निम्मे तयार झाले आहे. परक्या निकालांच्या मान्यतेचा २०१९ चा हेग करार १ सप्टेंबर २०२३ पासून युरोपीय संघात लागू आहे. भारत २००८ पासून हेग परिषदेचा सदस्य असूनही त्या करारात सामील झालेला नाही, आणि तोवर बागाइतदाराने धाराशिवला मिळवलेला हुकूमनामा रॉटरडॅमला नव्या दाव्यातला केवळ एक कागद म्हणूनच पुढे येईल.