शेतकरी कोणास म्हणावें?

सरकारनें शेतकऱ्यास द्रव्यसाहाय्य करावें काय, या प्रश्नावर विद्वानांत वाद पुष्कळ होतो. परंतु द्यावयाचें ठरल्यावर तें कोणास द्यावें, याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नीतीच्या दृष्टीनें हा दुसरा प्रश्नच अधिक अवघड होय.

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हें गंगापूर तालुक्यांतील बाजाराचें गांव आहे. आसपासचा कापूस, मका व कांदा येथें विक्रीस येतो. इतरत्रांप्रमाणें या टापूंतील खातेदारांसही २०१९ सालापासून केंद्र सरकारच्या किसान सन्मान निधीचे वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांनीं मिळूं लागले. २०२३ सालीं राज्य सरकारनें तितक्याच रकमेची भर घातली. पैसा थेट बँकेच्या खात्यावर पडतो, ही गोष्ट निःसंशय चांगली.

परंतु तो मिळतो सातबाऱ्यावरील नांवास. सातबारा हे वस्तुतः दोन नमुने आहेत: सात क्रमांकाचा नमुना जमिनीवरील हक्क सांगतो, बारा क्रमांकाचा तींत उभें असलेलें पीक. निधि सातकडे पाहतो. बाराशीं त्यास कर्तव्य नाहीं. त्यामुळें शहरांत दुकान चालविणारा मालकही, तो आयकर भरीत नसल्यास, शेतकरी ठरतो. आणि तीच जमीन बटईनें वा ठोक्यानें करणारा, बियाण्यासाठीं उसनवारी करणारा, पावसानें दगा दिल्यास बुडणारा मनुष्य मात्र शेतकरी ठरत नाहीं.

यावर असें म्हणतात कीं, बटईदाराचें नांव कागदावर कोठेंच नसतें. मग सरकारनें त्यास शोधावें कसें? परंतु तें कां नसतें, हें पाहिलें पाहिजे. निजामी अंमल संपल्यावर हैदराबाद राज्यांत १९५० सालीं कुळवहिवाटीचा कायदा झाला व संरक्षित कुळांस हक्क मिळाले. तो न्यायच होता. पण कागदावर कूळ आलें म्हणजे जमीन गेली, हें भय मालकाच्या मनांत बसलें, आणि व्यवहार तोंडी होऊं लागला. कसणाराच्या रक्षणासाठीं केलेल्या कायद्याच्या धास्तीनेंच कसणारा कागदावरून नाहींसा व्हावा, हा दैवदुर्विलास खरा. परंतु त्याचा दोष कसणाराच्या माथीं मारतां येणार नाहीं.

हा पैसा केवळ दान असता, तर दात्यानें वाटेल त्यास द्यावें, असें म्हणतां आलें असतें. पण तो करांतून येतो. साबण व काडेपेटी विकत घेतांना बटईदारही कर भरतो. शिवाय त्यास ‘सन्मान’ हें नांव आहे. हा सन्मान मालकीचा कीं कष्टाचा?

दोन एकर कोरडवाहूंत स्वतः राबणाऱ्या धन्याचा हप्ता हिसकावून घ्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. पेरणीच्या वेळीं ते दोन हजार त्यास मोलाचे आहेत. पण मार्ग नाहीं, असेंही नाहीं. ओडिशानें २०१८ च्या अखेरीस जाहीर केलेल्या ‘कालिया’ योजनेंत बटईदार व भूमिहीन कुटुंबें यांस स्थान दिलें. मालकी अबाधित राखून कसणारास कर्ज, विमा व सरकारी साहाय्य मिळावें, या हेतूनें नीति आयोगानें २०१६ सालीं शेतजमिनीच्या पट्ट्याचा नमुना कायदा सुचविला. मालकास निर्भय केल्याविना बटईदार कागदावर येणार नाहीं. आणि तो कागदावर आल्याविना शेतकऱ्याच्या नांवें निघालेला पैसा त्याच्या हातीं पडणार नाहीं.