खाटेवर आणलेला आणि पायांनी आलेला

(मार्क २:१–१२, लूक १५:११–२४)



महात्मा गांधी १९३६ साली सेवाग्रामी राहावयास आले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. तरी नाल्याकाठी गाळलेली दारू घरांत शिरतेच. एका उपदेशक बंधूंनी आम्हांस विचारिले आहे: "आमच्या मंडळीतील एका घरचे लोक पिणाऱ्या धन्यास बांधून उपचारास नेऊ म्हणतात. मनुष्य आपण होऊन गेल्यावाचून गुण येईल काय?"

शास्त्रात दोघेही आढळतात. कफर्णहूमच्या पक्षघाती मनुष्यास चौघांनी उचलून आणिले, आणि प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. उधळ्या पुत्र मात्र आपल्या पायांनी घरी आला. पण त्यास उठविले कोणी? भुकेने! आपण होऊन येणाऱ्याच्या मागेही आजार, कर्ज किंवा लेकरांचे रडणे असतेच. म्हणून त्याने गर्व करू नये, व आणलेल्यास कोणी तुच्छ लेखू नये.

तरी भेद आहे. आणलेला मनुष्य प्रथम रागावतो, "मला काही झालेले नाही" म्हणतो व सुटकेचे दिवस मोजितो. आपण होऊन आलेल्याने आपला रोग कबूल केलेला असतो. परंतु थोडे बरे वाटताच तो निघून जाऊ पाहतो, आणि त्यास अडविणारे कोणी नसते. एकास मन वळण्याची गरज, दुसऱ्यास मन टिकण्याची.

मात्र बांधू नका, कोंडूही नका. फार पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटल्यास झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जातो. आधी डॉक्टरांस दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे विकारही येतात. स्वतःस वा इतरांस अपाय होण्याजोगी स्थिती असेल, तर घरच्यांच्या अर्जावरून, दोघा जाणकारांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, प्रथम ३० दिवसांपर्यंत दाखल करिता येते.

पण बंधूंनो, शेवट पाहा. ज्या खाटेने त्यास आणिले, तीच खाट उचलून तो चालत गेला. चौघे त्यास प्रभूपुढे ठेवू शकले. त्याच्यासाठी चालू शकले नाहीत. आपला मनुष्य घरी परतेल, तेव्हा तोच नाला वाटेत असेल. त्या संध्याकाळी ते चौघे कोठे असतील? मंडळीने त्याची थट्टा करावी की त्याच्याबरोबर चालावे?

पुत्र दूर असतानाच पिता धावत गेला. प्रभू आम्हां सर्वांस त्या चौघांचे खांदे व त्या पित्याचे पाय देवो. आमेन.